लग्नाआधीची मिळकत आणि घटस्फोट

(अकोला येथील विहारात वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विहारात धम्मप्रवचन ऐकावयास यावे आणि वक्त्याने घटस्फोटाचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. मुलीच्या मंगल परिणयाची बोलणी चालू असलेल्या घरात तर हा शब्दही कोणी उच्चारू देत नाही. तथापि अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या न्यायालयांत वकिली करताना एक गोष्ट मी पुनःपुन्हा पाहिली आहे. संसार मोडला म्हणजे मनुष्य दुःखात असतो, आणि त्या दुःखाच्या भरात तो, बहुतेक वेळा ती, आपली लग्नाच्या आधीपासूनची मिळकतही घालवून बसते. ही मिळकत कायद्याने काढून घेतलेली नसते. ती आपल्याच सहीने गेलेली असते, नाही तर कागद नसल्यामुळे गेलेली असते. ती कशी जाते आणि कशी राखता येते, एवढेच मी आज सांगणार आहे.

ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे त्यांचा पहिला प्रश्न असतो की आता आम्हांला कोणता कायदा लागू? उत्तर असे आहे की १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा, या दोहोंच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन आणि शीख यांना ते लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. नाव खटकते, हे मला मान्य आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र कायदा असावा ही मागणीही आहे, आणि तिचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे. परंतु तो कायदा होईपर्यंत जो आहे त्याचा लाभ सोडून देण्यात शहाणपण नाही. या कायद्याखाली न्याय मागितल्याने कोणाची दीक्षा भंग पावत नाही.

यातून दोन परिणाम निघतात आणि दोन्ही आपल्या उपयोगाचे आहेत. पत्नीने दीक्षा घेतली म्हणून ‘तिने धर्म सोडला’ या कारणावर पतीला घटस्फोट मागता येत नाही. कारण या कायद्याच्या दृष्टीने बौद्ध त्याच कक्षेत राहतो. दुसरे असे की दीक्षेमुळे बापाच्या वावरातील हिस्सा बुडत नाही. ‘तू आता बौद्ध झालीस, तुझे येथे काही राहिले नाही,’ असे बहिणीला सांगणारे भाऊ मी पाहिले आहेत. धर्मांतर केल्याने मिळकतीचा हक्क जात नाही, हे तत्त्व या देशात १८५० सालच्या कायद्याने प्रस्थापित झाले. त्या गोष्टीला पावणेदोनशे वर्षे होत आली. अशा भावाला एवढेच सांगावे की बाबा, तुझी माहिती जुनी आहे.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे लग्नामुळे कोणाचीही मालकी बदलत नाही. जे लग्नाआधी तिचे होते ते लग्नानंतरही तिचेच, जे त्याचे होते ते त्याचेच. सिनेमात पाहून आणि परदेशच्या बातम्या वाचून लोकांचा असा समज झाला आहे की घटस्फोट झाला म्हणजे सर्व मिळकतीचे दोन सारखे भाग होतात. महाराष्ट्रात असा कायदा नाही. आपल्या शेजारी गोव्यात मात्र पोर्तुगीज अमलापासून चालत आलेली निराळी पद्धत आहे. तेथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मिळकत, लग्नापूर्वीची धरून, एकत्र होते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा मानला जातो. तेव्हा पणजीच्या पाहुण्याने सांगितलेला कायदा मूर्तिजापूरच्या संसाराला लावू नये.

स्त्रीच्या बाबतीत हा हक्क सहजासहजी आलेला नाही. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे सहा प्रकार मोजून दिले, आणि त्याच ग्रंथाने भार्या, पुत्र व दास हे तिघे धनहीन, त्यांनी मिळविले ते ज्याचे ते त्याचे, असेही सांगितले. ही अवस्था बदलावी म्हणून पूज्य बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले. १९४८ साली त्या बिलाची कलमे विधिमंडळात समजावून देताना त्यांनी हुंड्याविषयीची तरतूद सांगितली होती. लग्नाच्या निमित्ताने दिलेली संपत्ती मुलीची म्हणून विश्वस्ताच्या स्वरूपात राहावी आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर तिच्या हाती यावी, अशी ती तरतूद होती. बिल रखडले आणि १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे बिलाचे तुकडे करून कायदे झाले. १७ जून १९५६ रोजी वारसा कायदा अमलात आला आणि त्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीला पूर्ण मालकी दिली. लग्नापूर्वी, लग्नात किंवा लग्नानंतर मिळालेली देणगी, स्वतःच्या कष्टाने किंवा कौशल्याने मिळविलेले, विकत घेतलेले, वारशाने आलेले, सर्व काही त्या कलमाच्या स्पष्टीकरणात बसते. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला दीक्षा झाली. म्हणजे आपली आई-आजी दीक्षा घेऊन परतली तेव्हा कायद्याने ती आपल्या वस्तूची पूर्ण मालकीण झालेली होती. तिला ते कोणी सांगितले नाही, ही गोष्ट वेगळी.

वैवाहिक खटल्याच्या पोटात मिळकत दडलेली असते, हेही आजचे नाही. मुंबईच्या रखमाबाईंचे प्रकरण पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांच्या आईने पुनर्विवाह करताना पहिल्या पतीची मालमत्ता लेकीच्या नावे केली होती. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाचा नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ साली, पत्नीने नांदावयास यावे म्हणून दावा लावला. पुढे ती मालमत्ताच या भांडणाचे मूळ आहे, असे आरोप छापून आले. १८८७ साली न्यायालयाने नांदावयास जा अथवा सहा महिने कैद भोगा, असे फर्माविले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन रखमाबाईंनी आपली सुटका करून घेतली आणि विलायतेस जाऊन त्या डॉक्टर झाल्या. आज स्त्रीला स्वतःच्या सुटकेसाठी अशी किंमत मोजण्याचे कारण नाही. तरीही ‘सोने सोडून दे, प्लॉट लिहून दे, मग सोडचिठ्ठी देतो,’ ही भाषा वऱ्हाडात अजून ऐकू येते.

सर्वांत अधिक नुकसान सोन्याच्या बाबतीत होते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो. मुलगी परिचारिका आहे, लग्नाआधी चार-पाच वर्षे नोकरी करून तिने स्वतःच्या पगारातून दागिने केले, आईने आपल्या अंगावरचे काढून दिले. लग्नानंतर आठ दिवसांत सासूबाई म्हणतात, ‘घरात चोरीची भीती, कपाटात ठेव, किल्ली माझ्याजवळ असू दे.’ मुलगी देते. यात गैर काही नाही. परंतु दिल्याचा पुरावा कोठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली, प्रतिभा राणी खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निवाड्यात, हे निःसंदिग्धपणे सांगितले की स्त्रीधन सासरच्यांच्या हाती ठेवले तरी ते त्यांच्या मालकीचे होत नाही. ते विश्वासाने ठेवलेली ठेव असते आणि मागूनही न देणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. तो गुन्हा पूर्वी दंड विधानाच्या ४०६ कलमाखाली येई. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे ३१६ कलम लागते. २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले की पति-पत्नी न्यायालयाच्या हुकुमाने विभक्त राहत असली तरी स्त्रीधनाचा हक्क संपत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये आणखी एक निवाडा आला. अडचणीच्या वेळी पती पत्नीचे सोने वापरू शकतो, परंतु ते किंवा त्याचे मोल परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे, असे त्यात म्हटले आहे. त्या प्रकरणात सोन्याच्या बदल्यात २५ लाख रुपये देवविण्यात आले.

निवाडे असे आपल्या बाजूचे आहेत. तरीही अर्जात ‘दहा तोळे सोने’ एवढेच लिहिलेले असते. कोणते दागिने, कोणत्या सराफाकडचे, कोणत्या साली केले, कोणी दिले, काही सांगता येत नाही. समोरचा वकील विचारतो, पावती कोठे? पावती नाही. मग दहा तोळ्यांचे दोन तोळे होतात. म्हणून सराफाची पावती मुलीच्या नावाने घ्या आणि ती माहेरी ठेवा. लग्नातील छायाचित्रे केवळ आठवण म्हणून ठेवू नका; कोणत्या दागिन्यासह छायाचित्र आहे, ते टिपून ठेवा. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली भेटवस्तूंच्या याद्यांचे नियम झाले. त्यांप्रमाणे वधूला मिळालेल्या भेटींची यादी करावयाची असते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहून वधू आणि वर दोघांनी तिच्यावर सह्या करावयाच्या असतात. आपण आंदणाची भांडी, रुखवत, आहेर यांवर घरोघर चर्चा करतो, परंतु ही यादी करणारे कुटुंब शंभरांत एखादे भेटते. माझी सूचना अशी आहे की या यादीला जोडून दुसरी यादी करावी: मुलीचे आणि मुलाचे लग्नाआधीपासून स्वतःचे काय आहे याची. बँकेतील ठेव, प्लॉट, दुचाकी, शिवणयंत्र, विमा. दोघांनीही सही करावी. लग्नापूर्वी घटस्फोटाच्या अटी ठरविणारे करार आपल्याकडील न्यायालये सहसा मानीत नाहीत. ही यादी म्हणजे तसा करार नव्हे. वस्तू कोणाची याची ती निव्वळ कबुली आहे, आणि कबुली पुराव्यात चालते. त्रिशरण-पंचशील ग्रहण करून एकत्र येणाऱ्या दोघांना खरे काय ते लिहून ठेवण्यात संकोच का वाटावा?

जमीन आणि प्लॉट यांत कागद असतो, पण तोच कागद उलटा लिहून दिला जातो. तीन प्रकारचे दस्त मी विशेष करून सांगतो.

पहिले हक्कसोडपत्र. बापाच्या वडिलोपार्जित शेतीत मुलीला जन्मतः हिस्सा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली, आणि सबंध देशासाठी संसदेने २००५ साली, ही सुधारणा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली खुलासा केला की त्यासाठी २००५ मध्ये बाप हयात असण्याचीही आवश्यकता नाही. तरी लग्न ठरले की मुलीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सही घेतली जाते. पुढे संसार मोडतो, मुलगी लेकरे घेऊन माहेरी येते, तेव्हा भावजय तिला पाहुणी म्हणून वागवते. सही करणारीने आधी विचार करावा. भावावरील माया आणि नोंदलेला दस्त या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

दुसरे बक्षीसपत्र. महाराष्ट्रात पति-पत्नीमध्ये शेतजमीन किंवा राहते घर बक्षीस देण्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये ठेवले गेले. सोय चांगली आहे, पण जे स्वस्त होते ते उतावीळपणे होते. अमरावतीत शिक्षिकेने लग्नाआधी प्लॉट घेतला, नंतर ‘कर्ज माझ्या नावे सोपे पडेल’ म्हणून पतीला बक्षीस लिहून दिला, असे समजा. बक्षीस दस्त नोंदला आणि स्वीकारला गेला की निव्वळ मन बदलले म्हणून तो रद्द होत नाही. ‘लग्न टिकेल या भरवशावर दिला होता’ हे सांगून उपयोग होत नाही. कर्जच हवे असेल तर सहकर्जदार व्हावे. मालकी देण्याची गरज नसते.

तिसरा प्रकार मिश्रणाचा आहे. प्लॉट तिचा, बांधकाम दोघांच्या पैशाने. किंवा लग्नाआधीची ठेव मोडून ती संयुक्त खात्यात टाकली, आणि त्या खात्यातून पुढे सर्व घरखर्च झाला. दहा वर्षांनी कोणाचा पैसा कोठे गेला हे कोण सांगणार? संसाराला पैसा देऊ नये असे मी म्हणत नाही. पण लग्नापूर्वीची रक्कम वेगळ्या खात्यात राहू द्यावी. घरासाठी द्यायचीच असेल तर धनादेशाने किंवा खात्यातून खात्यात द्यावी, रोख देऊ नये. तिच्या पगाराने पतीच्या नावावर प्लॉट घेतला असेल तर तो आपला असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर पडते, आणि ते हलके नसते.

सातबाऱ्याविषयीही एक गैरसमज येथेच दूर करतो. १९८९ साली शेतकरी संघटनेचा स्त्रियांचा मोठा मेळावा अमरावतीला भरला, आणि त्या सुमारास पत्नीच्या नावे जमीन करण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ पुढे आली. नंतर शासनानेही पतीबरोबर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. चळवळ मोलाची होती. परंतु फेरफार नोंद ही महसुलाची नोंद आहे. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र किंवा वारसा यांवरून. नाव लागले म्हणून निर्धास्त राहू नये, आणि नाव लागले नाही म्हणून हक्क बुडाला असेही समजू नये.

पुरुषांनी असे समजू नये की मी एकाच बाजूने बोलत आहे. पतीने लग्नाआधी घेतलेले शेत, वडिलांकडून आलेले घर, हे घटस्फोटात पत्नीच्या नावे होत नाही. परंतु कायमची पोटगी ठरविताना न्यायालय दोघांचे उत्पन्न आणि मिळकत पाहते, आणि पोटगीची हमी म्हणून स्थावरावर बोजाही ठेवू शकते. तसेच कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर पतीचे असो की, २०२० च्या निवाड्याप्रमाणे, सासऱ्याचे असो. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. हे न कळल्यामुळे काही पुरुष नोटीस येताच शेत भावाच्या नावे करून टाकतात. पोटगी चुकविण्यासाठी फुकट दिलेली मिळकत घेणाऱ्याच्या हातीही सुरक्षित नसते. पुढे तो भाऊ परत देत नाही, आणि मनुष्य पत्नीलाही मुकतो आणि वावरालाही. हा सल्ला देणारे चावडीवर पुष्कळ भेटतात.

तंटा उभा राहिलाच तर काय करावे? पति-पत्नींच्या किंवा त्यांपैकी एकाच्याही मिळकतीचा वाद कौटुंबिक न्यायालय चालवू शकते. विवाह कायद्याच्या २७ व्या कलमाखाली, लग्नाच्या निमित्ताने दोघांना मिळून आलेल्या वस्तूंची वाटणी घटस्फोटाच्या हुकुमातच होऊ शकते. ‘लग्नाच्या वेळी’ या शब्दांत लग्नाआधी आणि नंतर दिलेल्या, पण लग्नाशी संबंध असलेल्या वस्तूही येतात, असा १९९७ चा निवाडा आहे. केवळ तिच्या मालकीच्या वस्तूंसाठी मात्र वेगळी मागणी स्पष्ट लिहावी. घाई असेल, सोने मोडले जाण्याची किंवा लॉकर रिकामा होण्याची भीती असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. स्त्रीधन परत देण्याचा आणि खाती किंवा लॉकर यांना हात न लावण्याचा हुकूम त्याला देता येतो.

आणि जातपंचायतीच्या बैठकीत किंवा नोटरीसमोर लिहिलेल्या सोडचिठ्ठीवर विसंबू नये. रूढीचा घटस्फोट कायद्याने मानला जाण्यासाठी ती रूढी सिद्ध करावी लागते, आणि ज्या रूढी आपण दीक्षेबरोबर टाकून दिल्या त्या सिद्ध करावयाच्या कशा? असल्या चिठ्ठीने लग्न सुटत नाही, पण तिच्यातील ‘माझे सर्व सामान मिळाले, काही येणे राहिले नाही’ हे वाक्य पुढे आपल्याच अंगावर येते. परस्पर संमतीच्या घटस्फोटातही हेच वाक्य शेवटच्या पानावर असते. वस्तू हातात येण्याआधी त्याखाली सही करू नये. ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे असेल तर तसेच लिहून घ्यावे, यादी आणि तारीख घालून.

अखेरची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत पती-पत्नी एकमेकांचे वारस असतात. खटला चालू असता पत्नीचे निधन झाले तर तिने स्वकष्टाने घेतलेल्या प्लॉटात मुलांबरोबर त्याच पतीला हिस्सा मिळतो, ज्याच्याशी ती भांडत होती. पतीच्या बाबतीत पत्नीलाही तसेच. म्हणून दावा दाखल करतानाच मृत्युपत्र करावे. ते साध्या कागदावर होते, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही पुरते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. साक्षीदार असे निवडावे की ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. त्याच दिवशी बँक आणि विमा यांतील नामनिर्देशनही पाहून घ्यावे. तेथे लग्नाच्या वर्षी लिहिलेले नाव तसेच राहिलेले असते.

खर्चाची चिंता असेल तर विधी सेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जातीच्या प्रत्येक व्यक्तीला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. दीक्षा घेतलेल्या बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहेच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय अकोल्यात आणि अमरावतीत जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. जाताना पावत्या, छायाचित्रे, बँकेचे उतारे, लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि असेल तर ती यादी बरोबर न्यावी.